एका सागाचे हजार साग

पावसाळ्याच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक शिक्षक मागे थांबले. त्यांच्या हातात घड्या पडलेले एक माहितीपत्रक होते. वरच्या बाजूला एका प्रचंड सागाचे छायाचित्र होते. खोड सरळसोट, आणि शेजारी उभा असलेला माणूस अगदीच लहान दिसत होता. खाली लिहिले होते, 'या झाडापासून तयार केलेली टिश्यू कल्चर रोपे. प्रत्येक रोप हुबेहूब असेच वाढणार.' त्याखाली रोपाची किंमत, आणि पंधरा वर्षांनी एकरी किती रुपये मिळतील याचा आकडा.

"धाकट्या भावाला दोन एकरांतली कपाशी मोडून हे लावायचंय," ते म्हणाले. "मी विज्ञान शिकवतो म्हणून घरचे मला विचारतात. क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत, असं मी वर्गात दरवर्षी सांगतो. मग आता हे खोटं आहे असं कोणत्या तोंडानं सांगू?"

प्रश्न फार नेमका होता. पत्रकातले पहिले वाक्य खरे असू शकते. एका सागापासून त्याच्या हजारो प्रती काढता येतात, आणि हे आपल्याच देशात चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवले गेले आहे. पण पहिल्या वाक्यातून दुसरे वाक्य निघत नाही. ते का निघत नाही, हे समजून घेण्यासाठी आधी क्लोन म्हणजे काय ते नीट पाहू.

क्लोन आपल्या शेतातच आहेत

क्लोन म्हटले की बहुतेकांना १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी आठवते. पण हा शब्द तिच्यापेक्षा बराच जुना आहे, आणि तो वनस्पतींसाठीच बनवला गेला. 'डहाळी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हर्बर्ट वेबर या अमेरिकी शास्त्रज्ञाने तो १९०३ साली सुचवला. बी न वापरता, डहाळी, कंद, मुनवा किंवा डोळा लावून एकाच झाडापासून जी प्रजा वाढवली जाते ती सगळी मिळून एक क्लोन.

या अर्थाने यवतमाळचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या क्लोन लावत आला आहे. पुसद-उमरखेडकडचा ऊस पाहा. उसाचे बेणे म्हणजे डोळे असलेली कांडी. त्या डोळ्यातून उगवणारा ऊस हा मूळ उसाचाच पुढे वाढलेला भाग असतो. हळदीचेही तसेच. हळदीला फुले येतात, पण बी सहसा धरत नाही. त्यामुळे गड्डे आणि हळकुंडे लावूनच ती पुढे चालते. केळीचे मुनवे, जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेली संत्र्याची कलमे, ही सगळी क्लोनचीच उदाहरणे. संत्र्याच्या कलमात मात्र दोन वेगळ्या झाडांचा संसार असतो. वरचा भाग संत्र्याचा, खालची मुळे जंबेरीची. पण एका संत्र्याचे डोळे शंभर खुंटांवर बांधले, तर वरचा भाग शंभर ठिकाणी एकच असतो.

आता जिल्ह्याचे मुख्य पीक, कपाशी. जगातला व्यापारी लागवडीसाठीचा पहिला संकरित कापूस, एच-४, १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडला. संकरित कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली, तर शेतात उंच, बुटकी, लवकर येणारी, उशिरा येणारी अशी सगळी झाडे दिसतात. संकरित झाडाकडे दोन्ही आईबापांची वेगवेगळी जनुके असतात. बी तयार होताना ती पत्त्यांसारखी पिसली जातात, आणि प्रत्येक बियाच्या वाट्याला नवा डाव येतो. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते.

क्लोनमध्ये हे पिसणे होत नाही. डोळ्यातल्या पेशी साध्या विभाजनाने वाढतात, आणि प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची जशीच्या तशी नक्कल होते. क्वचित एखाद्या पेशीत बदल होतो, पण तो अपवाद. झाडाच्या हातात आलेला डावच पुढे चालू राहतो. चांगला डाव लागलेले झाड सापडले, तर तो डाव टिकवायचा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे क्लोन. म्हणूनच सागाच्या बाबतीत त्याचे आकर्षण वाटते.

बी, जडी आणि एक चुकीची समजूत

यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघाले की सागाची सोबत सुटत नाही. त्याचे कोवळे पान हातावर चोळून तळवे लाल करण्याचा खेळ तिकडच्या प्रत्येक मुलाने खेळलेला असतो. पावसाळ्यात सागाच्या शेंड्यावर पांढऱ्या, इवल्या फुलांचे मोठे तुरे येतात. एका तुऱ्यात हजारो फुले असतात, पण त्यांतल्या शंभर फुलांमागे एखाद-दोनच फळे धरतात. साग आपल्याच परागाला सहसा दाद देत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग कीटकांनी आणून द्यावा लागतो, आणि फूल एकच दिवस टिकते.

फळही सोपे नाही. वर लवदार आवरण, आत टणक कवच, कवचात चार कप्पे, आणि त्यांत बहुधा एखादे-दोनच बी. काही फळे तर पूर्ण रिकामी निघतात. उगवण कमी आणि मागेपुढे होते. म्हणून रोपवाटिकेत फळे आळीपाळीने भिजवून आणि वाळवून मगच वाफ्यात टाकतात. सुमारे वर्षभराने रोप उपटून त्याचे सोटमूळ वीतभर ठेवतात, खोडाचा दोन-तीन सेंटीमीटर तुकडा ठेवतात आणि बाकी सगळे छाटून टाकतात. ही झाली सागाची जडी, म्हणजेच स्टंप. पहारेने भोक पाडून ती पावसाच्या सुरुवातीला लावतात.

येथे वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा. जडी लावून वाढवलेला साग हा क्लोन आहे का? पाने नाहीत, बी दिसत नाही, मुळाचा तुकडा लावला आहे. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी 'हो' म्हणतात. उत्तर 'नाही' असे आहे. एका बियाचे एक रोप, एका रोपाची एक जडी आणि एका जडीचे एकच झाड. प्रती कुठे निघाल्याच नाहीत. दोन जड्या म्हणजे दोन वेगळ्या बिया. उलट, जंगलात साग तोडल्यावर बुंध्याला चार-पाच धुमारे फुटतात. ते धुमारे मात्र एकमेकांच्या आणि मूळ झाडाच्या प्रती असतात.

बियांपासून आलेल्या सागांत फरक फार. एक सरळ जातो, दुसऱ्याला दोन मीटरवरच फांद्या फुटतात, तिसऱ्याचे खोड पिळलेले निघते. लाकडाच्या दृष्टीने सरळ आणि लांब खोडालाच किंमत. तेव्हा सरळ वाढलेल्या सागाच्याच प्रती का काढू नयेत, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

प्रत काढायची कशी?

जास्वंदीची फांदी कुंडीत खोचली की ती मुळे धरते. मोठ्या सागाची फांदी खोचली तर वाळून जाते. झाडाला वय असते, आणि ते वय त्याच्या फांद्यांनाही असते. कोवळ्या रोपाच्या डहाळीला मुळे सहज फुटतात, म्हाताऱ्या झाडाच्या शेंड्याकडच्या डहाळीला जवळजवळ नाहीतच.

अडचण अशी की झाड चांगले आहे हे कळते ते मोठे झाल्यावर. म्हणजे निवड करण्याजोगे होईपर्यंत ते प्रत काढण्याजोगे राहत नाही. यावरचा जुना उपाय डोळा भरण्याचा. निवडक झाडाचे डोळे कोवळ्या खुंटावर भरले की ते तेथे वाढू लागतात. वनविभागांच्या बीजोद्यानांत अशी सागाची कलमे लावलेली असतात. त्या कलमांना फुले फार लवकर येतात, कारण डोळ्याला आपले मोठे वय 'आठवत' असते. बियांसाठी हे सोयीचे असले तरी लाकडासाठी नाही. सागाचा तुरा शेंड्यावरच येतो. शेंड्याला तुरा आला की त्या खोडाची सरळ वाढ थांबते, आणि खालच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या फुटून झाडाला दुबेळके येते. जो साग उशिरा फुलतो त्याचेच सलग खोड लांब भरते.

तेव्हा झाडाला पुन्हा कोवळे करावे लागते. बुंध्याला फुटणारे धुमारे शेंड्यापेक्षा 'तरुण' असतात. डोळा भरून केलेली कलमे वारंवार छाटून त्यांचे कुंपणासारखे झुडूप ठेवले, तर पुढच्या फुटव्यांतही कोवळेपणा येऊ लागतो. असे फुटवे धुक्यासारख्या ओलाव्यात ठेवले की मुळे धरतात. मलेशियात सबा येथे आणि इंडोनेशियात जावा बेटावर अशा छाटकलमांपासून सागाची मोठी लागवड झाली आहे.

दुसरा मार्ग ऊतीसंवर्धनाचा, म्हणजे टिश्यू कल्चरचा. येथे महाराष्ट्राचा वाटा महत्त्वाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हास आणि जगन्नाथन यांनी सागाच्या ऊतीसंवर्धनाचे काम १९८० साली प्रसिद्ध केले. त्यांनी रोपांच्या ऊतींबरोबरच सुमारे शंभर वर्षांच्या निवडक सागाच्या ऊतींपासूनही काचपात्रात फुटवे मिळवले. शंभर वर्षांच्या झाडापासून नवी रोपे तयार होणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पद्धत थोडक्यात अशी. डोळा असलेला लहानसा तुकडा निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत ठेवतात. बाटलीत साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि संप्रेरके मिसळलेला खळीसारखा घट्ट पदार्थ असतो. एका प्रकारच्या संप्रेरकाने फुटवे वाढतात, दुसऱ्या प्रकारच्या संप्रेरकाने मुळे फुटतात. फुटवे वेगळे करून पुन्हा नव्या बाटल्यांत ठेवायचे. दर महिन्याला एका फुटव्याचे चार होतात असे धरू. मग सहा महिन्यांत एकाचे ४,०९६ आणि दहा महिन्यांत दहा लाखांहून अधिक. चारचा दहावा घात काढण्यासाठी यापेक्षा बरे उदाहरण गणिताच्या पुस्तकातही सापडणार नाही. प्रत्यक्षात काही बाटल्यांना बुरशी लागते, काही फुटवे काळे पडतात, काही रोपे बाहेरच्या हवेत तग धरत नाहीत. त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही.

मात्र यातली एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी अशी आहे. टिश्यू कल्चर ही प्रती काढण्याची पद्धत आहे, सुधारणा करण्याची नाही. झेरॉक्सच्या यंत्रात जो कागद ठेवला त्याच्याच प्रती निघतात. कागदावरचे गणित चुकले असेल तर हजार प्रतींत तेच चुकलेले गणित मिळते. बाटलीतला पहिला तुकडा एखाद्या कोणत्याही बियाच्या रोपातून घेतला असला तरी बाहेर येणारी रोपे 'टिश्यू कल्चर'चीच असतात. ती कशाच्या प्रती आहेत हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही.

प्रत कशाची?

समजा, पत्रकातले झाड खरे आहे आणि रोपे त्याचीच आहेत. मग तरी?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरांच्या नववीच्या मुलांना घेऊन आम्ही गावामागच्या टेकडीवर गेलो. सुतळी आणि शिंप्याची टेप एवढेच साहित्य. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, ही भारतातल्या वनविभागाची रीत. मुलांनी नाल्याकाठचे बारा आणि उतारावरचे बारा साग मोजले. नाल्याकाठच्या बहुतेक झाडांचा घेर उतारावरच्या झाडांच्या दीडपटीच्या आसपास भरला. सगळ्यांत मोठ्या झाडाला तिघांनी मिळून सुतळी गुंडाळली. "हाच बियाण्याचा साग," एक मुलगा म्हणाला. मागून एक मुलगी म्हणाली, "हे त मोठं होईनच ना सर, नाल्यापाशी हाये."

सगळ्या लेखाचे सार त्या मुलीने एका वाक्यात सांगितले. हे झाड मोठे का झाले? मुलांनी तीन कारणे काढली. ते जुने असेल. त्याची जागा चांगली असेल. किंवा त्याचे 'रक्त' चांगले असेल. झाडाकडे नुसते पाहून यांतले कोणते कारण खरे ते सांगता येत नाही. आणि प्रत निघते ती फक्त तिसऱ्या गोष्टीची. वयाची प्रत निघत नाही, नाल्याची तर नाहीच.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट दाखवली ती डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी, १९०३ साली. त्यांनी घेवड्याचे असे वाण घेतले की ज्यांतली सगळी झाडे आनुवंशिकदृष्ट्या सारखी होती. अशा एकाच वाणातही काही बिया जड, काही हलक्या असत. त्यांनी जड बिया वेगळ्या पेरल्या, हलक्या वेगळ्या. पुढच्या पिढीत दोन्हीकडच्या बियांचे सरासरी वजन सारखेच आले. जड बी जड होते ते शेंगेत त्याला जागा आणि अन्न चांगले मिळाले म्हणून. आनुवंशिक ठेव आणि दिसणारे रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद योहान्सन यांनी यातून मांडला. 'जीन' हा शब्दही १९०९ साली त्यांनीच रूढ केला.

सागाला हे लागू करू. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. सागाला एवढा पाऊस पुरतो. त्याला हवी असते खोल, निचऱ्याची, चुना असलेली जमीन. पाणी साचून राहिले तर त्याची मुळे गुदमरतात. कपाशीची भारी काळी जमीन पावसात चिकट होऊन पाणी धरते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडून मुळे तोडते. जगातली सगळ्यांत जुनी सागाची लागवड केरळात निलंबूरला आहे, १८४० च्या दशकातली. तेथले प्रचंड साग पाहायला लोक दुरून येतात. ते चालियार नदीच्या गाळावर उभे आहेत. त्यांच्या प्रती आणून काळ्या चिबड जमिनीत लावल्या तर आनुवंशिक ठेव निलंबूरची असेल, पण नदी बरोबर येणार नाही.

गंमत अशी की मुलांचा तो तिढा सोडवण्याचे उत्तम साधनही क्लोनच आहे. नाल्याकाठच्या सागाच्या काही प्रती आणि उतारावरच्या सागाच्या काही प्रती काढा, आणि दोन्ही एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावा. काही वर्षांनी नाल्याच्या प्रती मोठ्या निघाल्या तर त्या झाडाची ठेवच चांगली होती. दोन्ही सारख्या निघाल्या तर मोठेपण नाल्याचे होते. आता तोच क्लोन भारी जमिनीत, मुरमाड जमिनीत आणि पाण्याच्या काठी लावा. तिन्हीकडे दिसणारा फरक हा निव्वळ जागेचा. शास्त्रज्ञ क्लोनची परीक्षा अशीच घेतात. या परीक्षेत उतरलेला क्लोन विकत घेण्यात अर्थ आहे. केवळ छायाचित्रात मोठे दिसणाऱ्या झाडाचा क्लोन म्हणजे परीक्षा न देता मिळालेले प्रमाणपत्र.

लाकडाचाही एक मुद्दा आहे. सागाची किंमत असते ती आतल्या तपकिरी, टिकाऊ नाराला. बाहेरचे पांढुरके लाकूड कीड लवकर खाते. पाणी आणि खत देऊन झाड भराभर जाड करता येते, पण नार भरायला वर्षे लागतात. त्यामुळे पंधरा वर्षांच्या जाड सागात पांढुरक्या लाकडाचा वाटा मोठा असतो. त्याचा भाव जुन्या जंगली सागाच्या भावाने धरणे म्हणजे हिरव्या आंब्याचा पैसा पिकलेल्या आंब्याच्या दराने मोजणे.

सगळे सारखे असण्यातला धोका

क्लोनची ताकद सारखेपणात आहे, आणि धोकाही त्यातच. मागच्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात विकली जाणारी केळी मुख्यतः ग्रो मिशेल या एकाच वाणाची होती. जमिनीतून लागणाऱ्या पनामा मर रोगाला हा वाण बळी पडे, आणि सगळी झाडे एकाच क्लोनची असल्याने जे एका झाडाचे झाले तेच सगळ्यांचे झाले. १९६० च्या सुमारास व्यापारातून तो वाण जवळजवळ गेला आणि त्याची जागा कॅव्हेंडिश गटाच्या केळींनी घेतली. आपल्याकडची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. आता त्याच रोगाच्या बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही लागतो, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे.

सागाचे शत्रूही कमी नाहीत. पावसाळा ओसरताना विदर्भातली सागाची जंगले लांबून करपल्यासारखी दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या असतात. पानाची जाळी करणाऱ्या अळीचे हे काम. तिच्याआधी, पावसाच्या सुरुवातीला, पूर्ण पान फस्त करणारी दुसरी अळी येते. बियांपासून वाढलेल्या जंगलात काही झाडे अळीला जास्त आवडतात, काही कमी, आणि काही अशी असतात की शेजारी उघडा पडला तरी त्यांची पाने हिरवी राहतात. एकाच क्लोनच्या दोन एकरांत मात्र एक तर सगळी झाडे वाचतील किंवा सगळी खाल्ली जातील.

आणखी एक गोष्ट. साग आपल्याच परागाला दाद देत नाही हे आपण वर पाहिले. एकाच क्लोनची हजार झाडे म्हणजे परागाच्या हिशेबाने एकच झाड. अशा मळ्यात फुले भरपूर येतील, पण आसपास दुसरे साग नसतील तर बी क्वचितच धरेल. म्हणून जाणकार वनशास्त्रज्ञ लागवडीसाठी आणि बीजोद्यानासाठी नेहमी अनेक क्लोन मिसळून वापरतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

सागाचा प्रयोग करायला आयुष्य पुरणार नाही, पण सदाफुलीचा प्रयोग एका सत्रात होतो. जिथे पांढरी आणि गुलाबी सदाफुली शेजारी शेजारी आहे, अशा अंगणातून मिसळलेले बी गोळा करावे. त्याच अंगणातल्या एका गुलाबी झाडाच्या, फूल नसलेल्या, वीतभर लांबीच्या पंधरा-वीस कोवळ्या डहाळ्या कापून ओल्या वाळूत सावलीत खोचाव्यात. सगळ्या जगणार नाहीत. तीन-चार आठवड्यांत ज्या मुळे धरतील त्यांचे तीन गट करावेत. एक गट चांगल्या मातीत आणि उन्हात, दुसरा मुरमात आणि उन्हात, तिसरा चांगल्या मातीत पण सावलीत. बियांची रोपे चांगल्या मातीत आणि उन्हात ठेवावीत. सदाफुलीचा चीक विषारी असतो, तेव्हा काम झाल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावावे.

दर आठवड्याला उंची आणि पानांची संख्या मोजून तक्ता करावा. फुले आली की रंग लिहावा. डहाळ्यांपासून आलेल्या झाडांची उंची तिन्ही गटांत वेगवेगळी भरेल, पण फुलांचा रंग सगळीकडे तोच गुलाबी असेल. बियांच्या रोपांत रंगांची सरमिसळ दिसण्याची शक्यता जास्त. मग मुलांना विचारावे : क्लोनने काय टिकवले आणि काय टिकवले नाही? काही गुण जागेला फारसे जुमानत नाहीत, काही गुण जागेप्रमाणे पुष्कळ बदलतात. फुलाचा रंग पहिल्या प्रकारचा, उंची आणि जाडी दुसऱ्या प्रकारची. सागाच्या पत्रकाने जे वचन दिले होते ते सगळे दुसऱ्या प्रकारच्या गुणांविषयी होते.

भावाला काय सांगायचे?

आम्ही त्या सरांना 'लावू नका' असे सांगितले नाही. साग हे त्या मातीतलेच झाड आहे, आणि योग्य जागी लावलेला चांगला क्लोन बियांच्या रोपांहून सरस ठरू शकतो. फक्त रोप विकणाऱ्याला पाच प्रश्न विचारावेत असे सुचवले. ही रोपे नेमक्या कोणत्या झाडाची, आणि ते झाड कोणत्या जमिनीत उभे आहे? त्याच्या प्रतींची चाचणी कुठे, किती वर्षे झाली? ती चाचणी आमच्यासारख्या जमिनीत आणि पावसात झाली का? रोपे एकाच क्लोनची आहेत की अनेक? आणि पंधराव्या वर्षी निघणाऱ्या लाकडात नार किती, याचा आधार काय? शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून सातबाऱ्यावर त्याची नोंद करून घ्यावी, हेही सांगितले.

नव्वदच्या दशकात देशभर सागाच्या मळ्यांच्या नावाने अनेक कंपन्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले, आणि त्यांतले बरेचसे बुडाले. १९९९ साली सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. तेव्हा फसलेल्यांत शिकलेली माणसे पुष्कळ होती. त्यांना आकडेमोड येत होती. आपण नक्की कशाची प्रत विकत घेतो आहोत, हे विचारायचे मात्र राहून गेले होते.

काही महिन्यांनी सरांचे पत्र आले. विक्रेत्याकडून पहिल्या प्रश्नालाच उत्तर मिळाले नाही. भावाने कपाशी मोडली नाही. धुऱ्यावर, पाण्याचा निचरा होतो त्या बाजूला, त्याने रोपवाटिकेतल्या चाळीस जड्या लावल्या आहेत. सरांनी प्रत्येक झाडाला क्रमांक दिला असून दरवर्षी नववीची मुले त्यांचा घेर मोजणार आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, 'चाळीस जड्या म्हणजे चाळीस वेगळी झाडे, एकही क्लोन नाही, हे मुलांनी न विचारता सांगितले.'